पहिली गाडी पडते

पहिली मोटारसायकल पडते. कुणाची घरासमोर साइड स्टँड अर्धवट उघडल्यामुळे, कुणाची पांदणीतल्या चिखलात, कुणाची आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढताना. चालवणारा हुशार असो की धांदरट, पहिल्या वर्षात एकदा तरी गाडी आडवी होतेच, आणि बहुतेक वेळा ती वेगात पडत नाही. उभी असताना किंवा उभी करताना पडते. म्हणून नवशिक्याने गाडी निवडताना हे धरूनच निवडावी, असं माझं मत आहे. पडलेली गाडी त्याला एकट्याला उचलता येईल का, तुटलेला लिव्हर जवळच्या गावात मिळेल का, आणि त्यापायी बापाच्या खिशाला किती चाट बसेल, हे प्रश्न आधी. टॉप किती आणि पिकअप कसा, ते नंतर. शोरूममध्ये हा क्रम नेमका उलटा असतो.

कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. वर्धा नदीच्या काठावरचं तिवसा तालुक्यातलं हे गाव. इथून रुक्मिणीची पालखी १५९४ पासून पंढरपूरला जाते आणि विदर्भातल्या सर्वांत जुन्या पालख्यांत तिची गणना होते. पायी चालण्याची एवढी मोठी परंपरा असलेल्या गावात आज अठरा वर्षांच्या पोट्ट्याला जवळच्या कुऱ्हा गावापर्यंत पायी जायला सांगून पाहा. त्याला गाडी पाहिजे, आणि त्याचं फारसं चुकत नाही. कॉलेज अमरावतीत किंवा नदीपल्याड आर्वीत, एसटीची वेळ ठरलेली, वावर गावापासून लांब. गावात वाहनाच्या मोठेपणाची गोष्ट निघाली की कुणीतरी कृष्णाचा रथ काढतंच. पण रुक्मिणीला न्यायला आलेल्या त्या रथाला दारुकासारखा मुरलेला सारथी होता. कृष्ण कौंडण्यपुरात गाडी शिकायला आलेला नव्हता.

गाडीची परीक्षा घ्यायला मात्र हा मुलूख उत्तम. नदीकडे उतरणारा उतार, गावातला सिमेंट रस्ता आणि त्यावर आडव्या बसलेल्या म्हशी, वावराकडे जाणारी पांदण, कुऱ्ह्यावरून अमरावतीकडे जाणारा चाळीसेक किलोमीटरचा डांबरी रस्ता, आणि तिवशाला गेलं की ट्रकांनी भरलेला नागपूर महामार्ग. एकाच गाडीला एका आठवड्यात हे सगळं करावं लागतं. जाहिरातीतली गाडी डोंगरातल्या रिकाम्या वळणावर धावते. तसलं वळण तिवसा तालुक्यात शोधून सापडायचं नाही.

सगळ्यात कठीण पेपर पांदणीचा. वऱ्हाडातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आणि पहिल्या दमदार पावसानंतर तिचा जो चिकटा होतो तो चाकाला धरून वर चढतो. मडगार्ड आणि टायर यांच्यातल्या बोटभर जागेत माती दाबून बसली की पुढचं चाक फिरायचंच थांबतं. मग काडीने खरवडा, दहा पावलं चाला, पुन्हा खरवडा. त्यामुळे चाक आणि मडगार्ड यांच्यात अंतर किती आहे, हे शोरूममध्ये वाकून बघावं. ग्राउंड क्लीअरन्सही तसाच: बैलगाडीच्या चाकोऱ्यांमध्ये जो उंचवटा राहतो त्याला इंजिनाचं बूड लागता कामा नये. स्प्लेंडरचा क्लीअरन्स १६५ मिलिमीटर, प्लॅटिना १०० चा २००. कागदावर साडेतीन सेंटिमीटरचा फरक काहीच वाटत नाही. मागे खताची बॅग बांधून शॉकअप दबले की तो कळतो.

आणखी एक गोष्ट कुणी दाखवत नाही, ती म्हणजे चेनचं कव्हर. साध्या १०० सीसीच्या गाड्यांना चेन पूर्ण झाकणारं पत्र्याचं कव्हर असतं. दिसायला ते म्हातारं दिसतं. स्पोर्टी गाडीची चेन उघडी असते, तिच्यावर धूळ आणि ग्रीस मिळून जी लापशी होते ती चेन-स्प्रॉकेट दोन्ही खाते. उघडी चेन दर चार-पाचशे किलोमीटरला पुसून तेल द्यायची शिस्त अंगी असेल तर हरकत नाही. शिकाऊ पोराच्या अंगी ती पहिल्या महिन्यात असते, तिसऱ्यात नसते.

चाकाचंही तसंच. मुलीने गाडी शिकायची म्हटलं की घरात चर्चा न होताच स्कूटर ठरते. शहरातल्या सरळ रस्त्यावर स्कूटर सोपी, यात वाद नाही. क्लच नाही, गिअर नाही. पण तिची चाकं १० किंवा १२ इंची रिमची. मोटारसायकलचं रिम १७ किंवा १८ इंची. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं आणि बाहेर येताना हँडलला हिसका देतं. मोठं चाक तोच खड्डा वरच्या वर ओलांडतं. कुऱ्हा रोडवर पावसाळ्यानंतर रोज जायचं असेल, तर १०० किलोच्या आसपासची मोटारसायकल मुलीसाठीही स्कूटरपेक्षा भरवशाची ठरते. होंडाची शाइन १०० अवघी ९९ किलोची आहे. ११० सीसीच्या नेहमीच्या स्कूटरचं वजनही त्यापेक्षा जास्त भरतं. 'पोरीच्या जातीले स्कूटीच बरी' हे वाक्य रस्ता न बघता बोललेलं असतं.

आता वजन. गाडी धावत असताना तिचं वजन जाणवत नाही. फिरती चाकं आणि पुढच्या फोर्कची तिरपी ठेवण मिळून ती स्वतःला बऱ्यापैकी सावरून धरते. वेग माणसाच्या चालण्याइतका उतरला की ही मदत संपते आणि सगळा भार चालवणाऱ्याच्या पायांवर येतो. म्हणजे नवशिक्याची खरी परीक्षा ताशी ऐंशीला नाही, ताशी पाचला असते: फाटकातून वळताना, म्हशीमागे थांबताना, पंपावर रांगेत सरकताना. स्प्लेंडर साधारण ११२ किलोची, पल्सर १५० साधारण १४८ ची, रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० जवळपास १९५ ची. ५५ किलोच्या मुलाने १९५ किलोचं धूड तिरपं होताना पायाने तोलून धरणं ही ताकदीची गोष्ट राहत नाही. दहा-पंधरा अंशांपलीकडे कललं की ते जातंच, आणि पाय खाली सापडतो तो वेगळा.

बुलेटचा मोह मला कळतो. एकेकाळी गावात ती पाटलाच्या किंवा फौजदाराच्या दारात असायची, आणि तिचा आवाज माणसाच्या आधी पोचायचा. ती चौथ्या-पाचव्या वर्षी घ्यावी. तोपर्यंत ती पळून जात नाही.

सीटची उंची सेंटिमीटरमध्ये वाचून काही कळत नाही, बसूनच बघावं लागतं. शोरूममध्ये गाडी मेन स्टँडवर असते आणि तिच्यावर बसून पोरगा आरशात स्वतःला बघतो. गाडी स्टँडवरून उतरवायला लावावी. दोन्ही पाय खाली सोडून, बूट नाही तर नेहमीची चप्पल घालून, दोन्ही पायांचे चवडे आणि निम्मी टाच तरी जमिनीला लागते का ते बघावं. मग बसल्या बसल्या पायांनी गाडी मागे रेटून बघावी. अमरावतीच्या इतवारा बाजारात गर्दीत अडकल्यावर हेच करावं लागणार आहे. रुंद सीटची गाडी उंचीने कमी असूनही पाय फाकवते, त्यामुळे ७८५ मिलिमीटरची अरुंद सीट ७७० च्या रुंद सीटपेक्षा बुटक्या माणसाला सोयीची पडू शकते.

आडवी पडलेली गाडी उचलायची रीतही घ्यायच्या आधीच शिकून घ्यावी. बटण बंद, गाडी गिअरमध्ये. सीटकडे पाठ करून खाली बसायचं, एका हाताने हँडलची जमिनीकडची मूठ आणि दुसऱ्याने मागची कॅरिअर किंवा ग्रॅब रेल धरायची, पाठ सरळ ठेवून मांड्यांच्या जोरावर मागे मागे चालत जायचं. उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा, नाहीतर उभी झालेली गाडी डावीकडे लोळण घेते. समोरून वाकून, छातीशी ओढून उचलणाऱ्याची कंबर धरते.

क्लच शिकताना गाडीचा स्वभाव कळतो. डावा लिव्हर पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला, की हळूहळू सोडताना एक जागा अशी येते जिथे इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो आणि गाडी पुढे ओढ घेते. शिकवणारे याला हाफ क्लच म्हणतात. ही जागा बोटांना पाठ होईपर्यंत रेस अजिबात द्यायची नाही. नुसत्या क्लचवर गाडी चार पावलं चालवायची, थांबवायची, पुन्हा चालवायची. लहान इंजिनाची गाडी हे निमूटपणे करू देते, कारण तिची ताकद कमी इंजिनफेऱ्यांवरच मिळेल अशी ठेवलेली असते. जास्त सीसीच्या चपळ गाडीला कमी फेऱ्यांवर चालायला आवडत नाही. ती गचके देते, बंद पडते, मग पोरगा घाबरून रेस वाढवतो आणि क्लच एकदम सोडतो. पुढचं चाक उचललं जातं ते अशा वेळी. बघणाऱ्यांना वाटतं स्टंट केला. गिअरची रीतही आधी विचारून घ्यावी. १०० सीसीच्या कित्येक गाड्यांत चारही गिअर पुढे दाबतच पडतात, मोठ्या गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर. काकाच्या गाडीवर शिकून दुसऱ्या रीतीची गाडी विकत घेतली, की घाईच्या वेळी पाय जुनंच करतो.

ताकदीचं गणित थोडं इतिहासातून बघावं लागेल, कारण वऱ्हाडातल्या प्रत्येक पिढीची पहिली गाडी वेगळी आहे. साठच्या दशकात एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एका मॉडेलवरून राजदूत १७५ काढली. दुधाचे कॅन लटकवलेली राजदूत अजून कितीतरी जणांच्या डोळ्यांसमोर असेल. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकने लुना आणली. तिने मास्तर, पोस्टमन आणि नर्सबाई यांना सायकलवरून उतरवलं. १९८५ मध्ये दोन गाड्या आल्या आणि त्यांच्यातलं भांडण अजून मिटलेलं नाही: हीरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००. सीडी फोर स्ट्रोक, पेट्रोलला कंजूस, स्वभावाने गरीब. आरएक्स टू स्ट्रोक, १०० किलोच्या आसपासच्या देहात ११ हॉर्सपॉवर, आणि रेस सोडली तरी फारशी हळू न होणारी, कारण टू स्ट्रोकमध्ये इंजिन गाडीला फारसं मागे खेचत नाही. ती १९९६ मध्ये बंद झाली, आणि आज चांगल्या स्थितीतली आरएक्स नव्या गाडीच्या किमतीला जाते. तिच्यावर शिकलेले लोक तिचं कौतुक करतात, पण ते शिकून वाचलेल्यांचं कौतुक आहे. सीडीच्या वंशातली स्प्लेंडर १९९४ मध्ये आली आणि तीन दशकांनंतरही गावागावांत तीच उभी दिसते.

स्प्लेंडरची ताकद आठ हॉर्सपॉवरच्या आसपास. पल्सर १५० ची १४, दोनशे सीसीच्या केटीएमची पंचवीसच्या घरात. नवशिक्याच्या हातात आठ पुरतात, कारण उजव्या मनगटाची चूक माफ होते. खड्ड्यात हात हलून रेस जास्त पिळली गेली, तरी गाडी जागेवरून उडत नाही. महामार्गावर ट्रक ओलांडताना मात्र आठ कमी पडतात, हे खरं आहे. रोज तिवशावरून महामार्गानेच जायचं असेल तर १२५ सीसीचा विचार करावा. १० ते ११ हॉर्सपॉवर आणि वजन तरीही ११५-१२० किलोच्या आतबाहेर. माझ्या मते वऱ्हाडातल्या नवशिक्यासाठी निवड या दोनांतच आहे: वावर आणि गाव असेल तर १००, महामार्ग असेल तर १२५.

ब्रेकबद्दल गावात एक उपदेश पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: 'समोरचा ब्रेक दाबू नोको, तोंडावर आपटशीन.' या उपदेशाने जेवढे पाय मोडले असतील तेवढे खड्ड्यांनीही मोडले नसतील. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढच्या चाकावर जातो. पुढचं चाक रस्त्याला घट्ट चिकटतं आणि मागचं हलकं होतं. म्हणजे थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते. नुसता मागचा ब्रेक करकचून दाबला की मागचं चाक घसरत जातं आणि गाडी आडवी होते. पुढचा ब्रेक वाईट नाही. तो वळणावर, वाळूवर किंवा ओल्या मातीवर झटक्यात दाबणं वाईट. सरळ रस्त्यावर दोन्ही एकत्र, आधी हलके आणि मग वाढवत.

थोडं गणित करू. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ६० च्या वेगात तुम्ही सेकंदाला जवळपास १७ मीटर जाता. समोर बैल आला हे दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर १७ मीटर तिथेच संपले. त्यानंतर दोन्ही ब्रेक नीट लावून गाडी थांबायला आणखी २३ मीटर धरा. एकूण ४०. ताशी ८० ला हाच हिशोब ६३ मीटरवर जातो. वेग एक तृतीयांशाने वाढला आणि अंतर निम्म्याहून जास्त. रात्री साध्या हेडलाइटमध्ये, समोरून अप्पर मारत येणाऱ्या ट्रॅक्टरसमोर, ६३ मीटर पुढचा बैल दिसतो का, हे ज्याने त्याने ठरवावं.

१२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांत आता सीबीएस असतं. मागचं पेडल दाबलं की पुढचाही ब्रेक थोडा लागतो. समोरच्या ब्रेकला घाबरणाऱ्यांवर सरकारने काढलेला हा तोडगाच म्हणायचा. १२५ च्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे; त्यात चाक जाम होण्याच्या बेतात आलं की ब्रेक आपोआप क्षणभर सैल होतो. त्याच किमतीच्या पट्ट्यात एबीएसची गाडी बसत असेल तर अलॉय व्हीलवर आणि रंगावर घालायचे पैसे त्यात घालावेत. पुढे डिस्क असेल तर पावसात फायदा, पाणी लगेच पुसलं जातं. ड्रम ब्रेकमध्ये नाल्याचं पाणी शिरलं तर पहिले काही क्षण ब्रेक लागतच नाही. नाला ओलांडला की चालता चालता ब्रेक हलका दाबून ड्रम कोरडा करून घ्यायचा असतो.

पैशाकडे येऊ. घरात भांडण होतं ते हप्त्यावरून, आणि हप्ता शोरूममधल्या टेबलावर गोड करून सांगितला जातो. समजा ६० हजारांचं कर्ज, तीन वर्षं, 'फक्त दहा टक्के फ्लॅट'. वर्षाला सहा हजार, तीन वर्षांत अठरा. परतफेड ७८ हजार, हप्ता साधारण २,१६७ रुपये. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत जातं, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण साठ हजारांवर. घटत्या शिलकीवर हाच हिशोब मांडला तर व्याजदर १८ टक्क्यांच्या आसपास पडतो. बँकेचा दर आणि हा दर शेजारी ठेवून बघायचा तो असा. शिवाय शेतकऱ्याच्या घरात पैसा महिन्याला येत नाही. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे, कापूस त्यानंतर वेचा होईल तसा, तूर आणखी पुढे. जून-जुलैत बियाणं-खतात घर रिकामं असताना हप्ता मात्र त्याच तारखेला कापला जातो. म्हणून सोयाबीन विकल्यावर जास्त डाउन पेमेंट भरून कर्ज छोटं ठेवणं शहाणपणाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेवढा दिलासा. शोरूमची किंमत म्हणजे रस्त्यावरची किंमत नव्हे. तिच्यावर पासिंग, रोड टॅक्स आणि थर्ड पार्टीचा पाच वर्षांचा विमा चढतो. पाच वर्षांचा विमा २०१८ पासून नव्या दुचाकीला सक्तीचा आहे.

अॅव्हरेजचा प्रश्न विचारायला लाजू नये. कौंडण्यपूरहून अमरावतीला रोज जाऊन-येऊन ८० किलोमीटर, महिन्यात २४ दिवस, म्हणजे १,९२० किलोमीटर. लिटरला ६० देणाऱ्या गाडीला ३२ लिटर लागतात, ३५ देणाऱ्या गाडीला ५५. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर महिन्याला तब्बल २,४०० रुपयांचा फरक. दुसऱ्या गाडीचा अख्खा हप्ता तेवढ्यात निघतो.

जुनी गाडी घेणं नवशिक्यासाठी मला जास्त पटतं. पहिला ओरखडा आधीच्या मालकाने काढून ठेवलेला असतो. फक्त बघायला जाताना सकाळी, न कळवता जावं. आधी इंजिनाला हात लावायचा. गरम असेल तर मालकाने आधीच सुरू करून ठेवली आहे, म्हणजे थंड इंजिन सुरू व्हायला रडत असणार. थंड असेल तर स्वतः सुरू करायची आणि मागे जाऊन धूर बघायचा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंग-पिस्टनचं काम जवळ आलं. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ते कमी पैशात सुटतं. हिवाळ्यातली पांढरी वाफ आपोआप जाते.

मग गाडी मेन स्टँडवर घेऊन, कुणाला तरी मागे दाबायला लावून पुढचं चाक अधांतरी करायचं आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं. मधोमध कुठे खटकन अडकल्यासारखं झालं तर कोनसेट गेला. फोर्कच्या नळ्यांवर बोट फिरवावं, तेल लागलं तर सील गेले. मागे पाच पावलांवर उकिडवं बसून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघावं. नसतील तर गाडी कधीतरी जोरात आपटलेली आहे, मग कितीही स्वस्त असो, सोडून द्यावी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. मीटरवर १८ हजार किलोमीटर दिसतात आणि फूटरेस्टचं रबर गुळगुळीत, किकचं रबर फाटलेलं, गिअरच्या पट्टीचा रंग उडालेला, तर मीटर खोटं बोलतंय. मीटर फिरवता येतं; गिअरच्या पट्टीवरची झीज परत भरून काढायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. चोक गेला, थंडीत सुरू होण्याचा त्रास गेला. पण त्याबरोबर झाडाखालच्या मिस्त्रीची सद्दीही थोडी गेली, कारण सेन्सरचा दोष शोधायला त्याच्याकडे स्कॅनर नसतो. अशा गाडीची टाकी कोरडी होईपर्यंत चालवू नये, टाकीतला पेट्रोल पंप पेट्रोलनेच थंड राहतो. किराणा दुकानातलं बाटलीतलं पेट्रोल शक्यतो टाळावं. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, ते ओलावा शोषतं, आणि पावसाळ्यात उघड्या-अर्धवट बंद बाटलीत महिनाभर पडलेलं पेट्रोल इंजेक्टरला मानवत नाही. वापरलेली २०१७-१८ ची कार्ब्युरेटरवाली १०० सीसी, जिचा प्रत्येक स्पेअर कुऱ्ह्यासारख्या गावातही मिळतो, ती अजून काही वर्षं शिकाऊंची सगळ्यात चांगली गाडी राहील असं मला वाटतं.

कागद बघितल्याशिवाय पैसे मोजू नयेत. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीच्या हँडलजवळ ठोकलेल्या नंबराशी एकेक आकडा जुळवायचा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, दोन्हींवर मालकाची सही, आपल्या डोळ्यांदेखत. नदीपल्याडच्या आर्वीची गाडी स्वस्तात मिळते म्हणून लोक जातात. ती एमएच ३२ ची असते आणि आपली एमएच २७. कार्यालय बदललं की कागदाचं एखादं पान वाढतं, ते आधीच विचारून घ्यावं. 'नाव मंग करू' म्हणून वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावावर चालणाऱ्या गाड्या प्रत्येक गावात आहेत. अपघात झाला की नोटीस जुन्या मालकाच्या घरी जाते, आणि विम्याचा दावा कुणाचाच राहत नाही.

अठराच्या आत गिअरची गाडी नाही. हा मुद्दा मी लांबवणार नाही, कारण कायदाच पुरेसा रागावलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. अठरा झाले की आधी लर्निंग, निदान तीस दिवसांनी पक्कं. लर्निंगची मुदत सहा महिने असते. तेवढे महिने दुसऱ्याच्या जुन्या गाडीवर घालवून मग स्वतःची घेतली तर शोरूममध्ये नुसत्या रंगावरून निर्णय होत नाही.

हेल्मेट गाडीच्या किमतीतच धरावं. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतल्या ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, आणि यातले १४,३३७ मागे बसलेले होते. मे महिन्यात पारा ४५ वर असताना हेल्मेट नको वाटतं, हे खरंच आहे. म्हणूनच आतलं कापड काढून धुता येईल आणि हवा खेळेल असं घ्यावं. आयएसआयचा शिक्का आणि ४१५१ हा आकडा बघून. घातल्यावर हाताने फिरवलं तर गालाची कातडी सोबत हलली पाहिजे. नुसतं हेल्मेट फिरलं तर साइज मोठी. हनुवटीचा पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी घरी पोचतं.

मागे कुणाला बसवायचं हा प्रश्न गाडी घरी आल्याच्या संध्याकाळीच येतो. आजीला देवळात सोड, बहिणीला कुऱ्ह्याला ने, सिलिंडर आण. पहिले काही आठवडे नकार द्यावा. ५५ किलोचा माणूस मागे बसला की वजन तर वाढतंच, शिवाय ते मागच्या चाकाच्या वर, उंचावर बसतं, आणि ताशी पाचच्या वेगातला तोल पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागतो. आजी एका बाजूला पाय सोडून बसणार, म्हणजे सगळा भार डावीकडे. तिचा पदर चाकात जाऊ नये म्हणून साडी गार्ड काढून टाकायचा नाही, गाडी कितीही म्हातारी दिसली तरी. दोघं बसणार असतील तेव्हा मागच्या चाकात हवा वाढवायची असते. किती, ते चेन कव्हरवरच्या किंवा मागच्या फाट्यावरच्या स्टिकरवर छापलेलं असतं, आणि एकट्याचा व दोघांचा आकडा वेगवेगळा असतो. पंपावरचा पोरगा न विचारता दोन्ही चाकांत एकच हवा भरतो, त्याला ते स्टिकर दाखवावं.